हमस खरखरीत होतंय आणि मागाहून कडू लागतंय

लिंबोणी (इंदूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न हमसचा, म्हणजे काबुली चणे आणि तीळ वाटून करतात त्या अरबी पदार्थाचा आहे, पण आधी थोडं घरचं सांगते. त्याशिवाय मी एवढा हट्ट का धरलाय ते कळणार नाही.

माझे सासरे, नाना, ८६ वर्षांचे आहेत. उभा जन्म छावणीच्या धान्य मंडीत एका आडत्याकडे मुनीम होते. डॉलर चणा हा त्यांचा खास विषय. बाहेरगावच्यांसाठी सांगते, काबुली चण्याला आमच्या मंडीत डॉलर म्हणतात. नाना ओंजळीत माल घेऊन नुसत्या नजरेनं "चव्वेचाळीस-शेचाळीस" असा आकडा सांगायचे. एका औंसात किती दाणे बसतात त्याचा तो आकडा. आकडा जितका लहान तितका दाणा मोठा, आणि भाव चढा. घरात आठवड्यातून एकदा तरी छोले नाहीतर उसळ व्हायचीच.

दोन वर्षांपूर्वी खालची कवळी बसेनाशी झाली आणि चणा बंद पडला. आता मऊ भात, वरण, खिचडी, दुधात कुस्करलेली पोळी. तक्रार कधी करत नाहीत. पण घरात छोले झाले की नाना ताटावरून लवकर उठतात, हे मला दिसतं.

दिवाळीत माझा मुलगा बंगळूरहून हमसचा डबा घेऊन आला. चमच्यावर थोडंसं नानांना दिलं. त्यांनी जिभेवर घोळवलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "डॉलर आहे." कुणी काही सांगितलं नव्हतं. डबा तीन दिवसांत संपला, शेवटी तर बोटानं पुसून खाल्ला.

इथे मॉलमध्ये मिळतं, पण डबी एवढीशी आणि किंमत पाहून हात मागे येतो. शिवाय नानांना बी.पी. आहे, त्यातलं मीठ माझ्या हातात नाही. म्हणून घरी करायला घेतलं. तीनदा केलं, तीनदाही तीच तऱ्हा: जिभेला रवाळ, घशाशी गेल्यावर कडवट. वाटलेल्या डाळीसारखं दिसतं, डब्यातल्यासारखं लोण्यागत होत नाही. नाना खातात, "चांगलं आहे" म्हणतात, पण दुसऱ्यांदा मागत नाहीत.

माझी कृती अशी. पाव किलो चणे ६ तास भिजवले, कुकरला ४ शिट्ट्या. चणे शिजतात, बोटानं दाबले की फुटतात. रात्री शिजवून फ्रिजमध्ये ठेवते, सकाळी मिक्सरला लावते. दोन चमचे तीळ लाडवाला भाजतो तसे खमंग भाजून त्यातच घालते. लसणाच्या ५ पाकळ्या, एका लिंबाचा रस आणि अर्धी वाटी ऑलिव्ह तेल, सगळं एकत्र फिरवते. पाणी बोअरिंगचं, कारण आमच्याकडे नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो आणि ते पाणी पिण्यासाठी राखून ठेवतो.

कुठे चुकतंय ते स्पष्ट सांगा. मिक्सर नवा घेऊ का, असंही मनात येतंय.

दांडियाबाजार (बडोदा)

मिक्सर घेऊ नका. तुमचं पहिलं दुखणं पाण्यात आहे.

मी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून जरा लांबण लावतो. चण्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थानं चिकटलेल्या असतात. चणा शिजतो म्हणजे हे पेक्टिन विरघळतं आणि पेशी सुट्या होतात. बोअरिंगच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. ते पेक्टिनला धरून ठेवतं आणि चिकटपणा उलट पक्का करतं. असा चणा बोटानं दाबला तर फुटतो, पण आतून कणाकणानं फुटतो. तो तुम्ही कितीही वाटा, कण बारीक होतील, विरघळणार नाहीत. जिभेला रवाळ लागतं ते हेच.

तेव्हा चणा भिजवायला आणि शिजवायला नर्मदेचं पाणी घ्या. दोन्ही मिळून दोन-अडीच लिटर लागेल, तेवढं काढता येईल. आणि खाण्याचा सोडा वापरा. सोड्यानं पाणी अल्कधर्मी होतं आणि पेक्टिन भराभर सुटतं. पाव किलो चण्याला भिजवताना अर्धा छोटा चमचा. १२ तास भिजू द्या, ते पाणी ओतून टाका, चणे धुवा. शिजवताना पुन्हा अर्धा छोटा चमचा, त्याहून जास्त नको, साबणासारखी चव येते.

कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. सोड्यामुळे फेस फार येतो आणि शिट्टीच्या तोंडाशी अडकू शकतो. आधी झाकण न लावता उकळी आणा, फेस झाऱ्यानं काढा, मग झाकण लावा. ५-६ शिट्ट्या आणि पुढे मंद आचेवर २० मिनिटं. दाणा दोन बोटांत धरला की त्याचं लोणी झालं पाहिजे. फुटणं वेगळं, लोणी होणं वेगळं.

आणखी एक. मीठ आधी घातलं तर कडधान्य शिजत नाही असं घरोघरी म्हणतात, ते खरं नाही. भिजवण्याच्या पाण्यात मीठ असलं तर साल उलट मऊ पडते. शिजू देत नाही ती आंबट वस्तू: लिंबू, चिंच, टोमॅटो. लिंबू तुम्ही नंतरच घालता, ते बरोबर आहे.

अम्मानहून परत (ग्वाल्हेर)

ताई, नानांचं वाचून राहवलं नाही. मी ११ वर्षं जॉर्डनमध्ये अम्मानला होते. तिथे हमस म्हणजेच चणा. अरबीत चण्याला हाच शब्द आहे. आपण ज्याला हमस म्हणतो त्याचं पूर्ण नाव 'हुम्मुस बि तहिना', म्हणजे तिळाच्या लगद्यातला चणा. नावातच अर्धा मान तिळाला आहे, आणि तुम्ही घालता दोन चमचे. चव तिथेच अडते आहे.

तिथे हा सकाळचा पदार्थ. शुक्रवारी सुट्टी, आमच्या गल्लीच्या तोंडाशी हमसवाल्याकडे सातच्या आधी रांग लागायची. उथळ वाडग्यात कोमट हमस, चमच्याच्या पाठीनं मधे खळगा, खळग्यात थोडे अख्खे चणे आणि वरून ऑलिव्ह तेल. तेल वरून, ताई. मिक्सरमध्ये नाही. चांगलं ऑलिव्ह तेल जोरात फिरवलं की कडवटपणा सोडतं. तुमचा अर्धा कडवटपणा तिथला आणि अर्धा तिळाचा.

तीळ कुठले घेता? संक्रांतीचे सालासकटचे असतील तर ते जातीचेच जरा कडसर, त्यात लाडवासारखे लाल भाजले की संपलं. पॉलिशचे पांढरे तीळ घ्या, साल काढलेले. इथे ग्वाल्हेरला गजकचा हंगाम असल्यानं थंडीत चांगले मिळतात, तुमच्या सियागंज बाजारात तर नक्कीच मिळतील. कढई तापवून मंद आचेवर तीळ नुसते गरम करा. रंग बदलायला नको, तडतडायच्या आत उतरवा. गार झाले की मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवा. आधी कूट होईल, मग गोळा होऊन भांड्याला चिकटेल. इथे बायका थांबतात. थांबू नका. भांडं गरम झालं तर पाच मिनिटं विश्रांती द्या, कडा खरवडा, पुन्हा फिरवा. लागलं तर दोन चमचे साधं तेल. अचानक गोळा सैल पडतो आणि चमच्यावरून धार लागते, ती ताहिनी. शिजलेले चणे अंदाजे ६०० ग्रॅम भरतील, त्याला ताहिनी निदान २०० ग्रॅम.

लसूण सगळ्यात आधी लिंबाच्या रसात वाटून दहा मिनिटं ठेवायचा. लसणाचा उग्रपणा ठेचल्यावर तयार होतो, आंबटात तो फारसा वाढत नाही. नानांना दोन पाकळ्या पुरेत. मग त्यात ताहिनी घाला आणि बर्फाचं पाणी चमच्या-चमच्यानं. पहिल्या पाण्याला ताहिनी घट्ट होईल, चिखलासारखी. मी पहिल्यांदा फेकून दिली होती. फेकायची नाही, पाणी घालत राहायचं, ती पांढरी आणि हलकी होते. चणे सगळ्यात शेवटी, आणि गरम असताना. फ्रिजमधला गार चणा वाटला की रवाळच राहतो.

वर्षाऋतू (इंदूर)

मी राजेंद्रनगरची. सोड्याबद्दल माझं मत वेगळं आहे. सोड्यानं कडधान्यातलं बी-१ जीवनसत्त्व जातं, आणि ८६ वर्षांच्या माणसाला जे मिळतं ते मिळू द्यावं. मी सोड्याऐवजी सालं काढते. शिजलेले चणे गार पाण्यात घालून तळहातांत हलके चोळायचे, सालं वर तरंगतात, ओंजळीनं काढून टाकायची. पाव किलोला वीस मिनिटं लागतात, टीव्ही बघत होतं.

तिळाऐवजी शेंगदाण्याचं कूट घालूनही मी करते, मुलांना आवडतं. आणि वरून आपला जीरावण मसाला भुरभुरवा. पोह्यांवर घालतो तोच.

अम्मानहून परत (ग्वाल्हेर)

वर्षाताई, शेंगदाण्याचं चांगलंच लागत असेल, पण ती मग दुसरी वस्तू झाली. नानांनी ज्याला ओळखलं ते तिळाचं आहे. जीरावणचं मात्र पटलं. तिथे जिरंपूड घालतातच.

दांडियाबाजार (बडोदा)

वर्षाताईंचं बी-१ बद्दल बरोबर आहे, सोड्यानं ते कमी होतं. पण नाना चणाच खात नव्हते, मग त्यांना त्यातलं काहीच मिळत नव्हतं. माझं मत, सोडा मापात घाला आणि सालंही काढा. सोड्यानं ती पटकन सुटतात, वीस मिनिटांची पाच होतील.

लिंबोणी (इंदूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल केलं. सविस्तर लिहिते, कारण यात मला न सुचलेली एक गोष्ट निघाली.

नर्मदेचं पाणी वेगळं काढून ठेवताना नानांनी विचारलं, हे कशाला. मी बडोद्याच्या सरांचं पेक्टिन समजावून सांगितलं. नाना म्हणाले, "म्हणजे आपल्या आईचं खरं होतं." त्यांची आई विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून एका ठराविक आडावरून पाणी आणायला लावायची. १९७८ साली नर्मदा इंदुरात आली तेव्हा घरात पहिल्यांदा डाळ लवकर शिजली, हे नानांना आजही आठवतं. मला ३१ वर्षांच्या संसारात हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग म्हणाले, "चणे दाखव." मी डबा दिला. त्यांनी मूठभर दाणे ताटात पसरले, खिडकीशी नेले, चष्मा कपाळावर चढवून जवळून पाहिले. एक दाणा नखानं घासला. "हा माल जुना आहे. दोन हंगाम तरी झालेत." नवा डॉलर मलईच्या रंगाचा असतो, पडून राहिला की लालसर होतो आणि चमक जाते. माझे दाणे चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे दिसत होते, आणि मी रोज तो डबा उघडत होते. जुना चणा कितीही शिजवला तरी मधे खडा राहतो, म्हणे. मंडीत असा माल वेगळ्या ढिगात लावायचे.

नानांनी मग माझा स्वयंपाकघरातला वजनकाटा मागवला. २८ ग्रॅम मोजले, म्हणजे एक औंस, आणि दाणे मोजायला बसले. हात थरथरतो, तरी पाच-पाचची ढेरी लावत गेले. मी मदत करू का विचारलं, नको म्हणाले. बेचाळीस भरले. "बेचाळीस-चव्वेचाळीसचा आहे, भाव मोठा दिलास. आणि माल जुना दिला तुला." एवढं लांब वाक्य नानांनी कित्येक दिवसांत बोललं नव्हतं.

मुलगा दुकानातून दुसरा चणा घेऊन आला, लहान दाण्याचा. नानांनी पाहून पसंत केला, ६० च्या आसपास म्हणाले. मला वाटलं होतं मोठा दाणा म्हणजे हमस चांगलं. अम्मानच्या ताई, तिथे कुठला घेतात?

आता कृती. १२ तास भिजवला, सोडा सरांच्या मापानं. फेस खरंच इतका आला की तीनदा झाऱ्यानं काढावा लागला. शिजल्यावर झाकण उघडलं तर दाणे कडेला विरघळू लागले होते. सालं गार पाण्यात एका फटक्यात वर आली. ताहिनीला माझ्या मिक्सरवर एकूण ११ मिनिटं लागली, मधे दोनदा थांबले. गोळा झाल्यावर मला खरंच वाटलं की बिघडलं, पण ताईंचं वाक्य आठवलं आणि फिरवत राहिले. नवव्या मिनिटाला आवाज बदलला. आधी मिक्सर घुरघुरत होता, एकदम गप्प झाला, आणि भांड्यात पाहिलं तर सायीसारखी धार. बर्फाच्या पाण्याचं तर नवलच. राखाडी चिखल डोळ्यांदेखत पांढरा झाला.

मीठ फक्त अर्धा छोटा चमचा घातलं. लिंबू जरा जास्त, दोन. आंबटपणामुळे मीठ कमी आहे हे जाणवत नाही.

कडू नाही. रवाळ नाही. चमचा उलटा केला तर पडत नाही, पण जिभेवर ठेवलं की पसरतं.

अम्मानहून परत (ग्वाल्हेर)

वाचून घसा दाटला. हो, तिथले हमसवाले लहान दाणाच घेतात, तो आतपर्यंत सारखा शिजतो. मोठा दाणा ताटात दिसायला हवा, वाटायला नको. नानांना सांगा, त्यांची नजर अचूक आहे.

आणि त्यांच्यासाठी एक आकडा. २०१० साली लेबनॉनमध्ये ३०० आचाऱ्यांनी मिळून १०,४५२ किलो हमस एका थाळ्यात केलं, विश्वविक्रमासाठी. तो आकडा का, तर देशाचं क्षेत्रफळ १०,४५२ चौरस किलोमीटर आहे. हमस आमचंच, हे सांगायला. त्याआधी काही महिने इस्रायलशी चढाओढ चालली होती. खरं तर ही वस्तू त्या सगळ्या मुलखाची आहे.

नाना खातात कशाशी? पिटा ब्रेड त्यांना चिवट जाईल.

वर्षाऋतू (इंदूर)

लिंबोणीताई, मी पण आज सोडा घालून करून पाहणार. फ्रिजमध्ये तीन-चार दिवसांच्या वर ठेवू नका, आणि काढताना कोरडा चमचा. उन्हाळ्यात दोनच दिवस धरा.

लिंबोणी (इंदूर)

फुलक्याशी खातात. फुलका चांगला फुगला की वरचा पापुद्रा अलगद सोडवते, तो कागदासारखा पातळ आणि मऊ असतो. त्याचे चार तुकडे करून देते. नाना तुकडा दुमडून त्याची खोबणी करतात आणि वाटीतून ओढतात. अगदी शिकवल्यासारखं. जीरावण वर्षाताईंच्या सांगण्यावरून चिमूटभर टाकला होता, तो त्यांनी लगेच ओळखला.

लेबनॉनचा आकडा वाचून दाखवला. नानांनी क्षणभर छताकडे पाहिलं. "एकशे चार क्विंटल, वर बावन्न किलो." मग विचारलं, वाळला चणा किती लागला असेल, आणि स्वतःच हिशोबाला बसले. पाव किलोचे शिजून सहाशे ग्रॅम होतात, त्यात तीळ, त्यात पाणी... माझ्याकडून जुनी वही आणि पेन्सिल मागून घेतली.

वाटी तिसऱ्यांदा भरून दिली. संध्याकाळी घरच्यांसाठी छोले होते, काल नाना शेवटपर्यंत ताटावर बसले.

झोपायला जाताना मला म्हणाले, "फाल्गुनात नवा माल येईल मंडीत. मला घेऊन चल, गाडीतून उतरणार नाही, तू मूठभर आणून दाखव फक्त. साठचाच घेऊ. वाटायचाच आहे, बेचाळीसचे पैसे कशाला द्यायचे."